गरम बॉनेट आणि वेंडेलकाकांचा संशय

मित्रांनो, मी एक जुना, छोटा ट्रॅक्टर आहे. हे सुरुवातीलाच सांगून टाकतो, कारण माझ्या अंगावरचा लाल रंग तुम्हाला वेगळंच काहीतरी सांगेल. त्याचं ऐकू नका. तो माझ्या अंगावर चढला तेव्हा मी म्हातारा झालो होतो. डाव्या दिव्याच्या काचेवरही तो थोडा सांडला आहे, यावरून तो किती घाईत चढला असेल ते ओळखा.

माझ्या पुढ्यातल्या, कामाचे तास मोजणाऱ्या काट्यावरही जाऊ नका. तो म्हणतो, मी उभ्या आयुष्यात नऊशे तास काम केलं. नऊशे तास तर मी नुसता चिखलात रुतून, कोणीतरी ओढायला येईल म्हणून वाट बघत काढले आहेत.

माझा जन्म जपानमधल्या एका कारखान्यात झाला. जन्मल्या जन्मल्या पांढरे हातमोजे घातलेला एक माणूस आला. त्याने छोट्या हातोडीने माझ्या अंगावर ठिकठिकाणी ठोकून पाहिलं, कान लावून ऐकलं आणि एक शब्द न बोलता निघून गेला. माझ्यावर घेतलेला हा पहिला संशय. मला फार वाईट वाटलं. लहान होतो. त्या माणसाची किंमत मला पुष्कळ उशिरा कळली.

माझे पहिले मालक कुनिमित्सु नावाचे भातशेतकरी होते. त्यांनी मला पोटच्या पोरासारखं वाढवलं. दिवसभर मी त्यांच्या खाचरांत गुडघाभर चिखल तुडवायचो आणि संध्याकाळी ते मला कालव्यावर नेऊन आंघोळ घालायचे. शेजारी आले की माझ्या बॉनेटवर थाप मारून सांगायचे, “याला कधी काही होत नाही.” ऐकून माझी छाती फुगायची. पहिली काही वर्षं ते रोज माझ्या पोटाखाली वाकून बघत असत. मग त्यांचा माझ्यावर विश्वास बसला आणि त्यांनी वाकणं सोडलं.

घात तिथेच झाला. खाचरातलं पाणी एके वर्षी माझ्या पुढच्या अ‍ॅक्सलमध्ये शिरलं. थोडंसंच. तेलात मिसळलं आणि राहिलं. मी सांगणार कसा? मला बोलता येत नाही. आत्ता बोलतोय ती गोष्ट वेगळी.

पुढे कुनिमित्सु थकले. मला शेडमध्ये ठेवण्यात आलं. एका मांजरीने माझ्या सीटवर दरवर्षी संसार थाटला आणि दरवर्षी पोरं मोठी झाली की मागे वळूनसुद्धा न बघता निघून गेली. मग एक दिवस मला आणखी बऱ्याच म्हाताऱ्यांबरोबर एका कंटेनरमध्ये कोंबलं. आमची चाकं काढून आमच्याच पोटावर ठेवली होती. कुठे चाललोय ते कोणी सांगेना. एका पेरणीयंत्राचं म्हणणं होतं की आपल्याला वितळवायला नेत आहेत. त्याचं खरं निघालं, पण फक्त त्याच्यापुरतं.

मी उतरलो तो हंगेरीत, द्राक्षांच्या टेकड्यांच्या पायथ्याशी, सिलार्डच्या आवारात.

सिलार्ड जुने जपानी ट्रॅक्टर विकायचा. उन्हाळा असो की हिवाळा, लोकरीची टोपी कानावर ओढलेली. माणूस वाईट नव्हता. फक्त कुठलीही गोष्ट उघडून बघायला तो घाबरायचा. उघडलं नाही तर आत काही नसतं, अशी त्याची श्रद्धा होती. मला त्याने बंदरावरच्या एका व्यापाऱ्याकडून घेतलं होतं. तो व्यापारी म्हणाला होता, “आईशप्पथ, नव्यासारखा आहे.” त्या व्यापाऱ्याला किती आया होत्या देव जाणे. दर कंटेनरमागे एक तरी तो शपथेला लावत असे. त्यामुळे सिलार्डला मनातून माझा संशय होता आणि रंग देताना तो माझ्याकडे बघायचं टाळत होता.

माझ्या शेजारी एक कोरा करकरीत छोटा ट्रॅक्टर उभा होता. सीटवर अजून प्लास्टिक. डोक्यावर कारखान्यातूनच बसवलेली भक्कम लोखंडी चौकट, म्हणजे ट्रॅक्टर उलटला तरी माणूस चिरडू नये. माझ्या डोक्यावर काहीच नव्हतं. भाताच्या खाचरात उलटायचं म्हटलं तरी कुठे उलटणार? तो पोरगा दिवसभर कोणाशी बोलत नसे. पण त्याच्यावर कोणी पट्टा न बांधता बसलं, की पी पी पी करून चुगली करायचा.

फेब्रुवारी सुरू झाला होता. वेलींची छाटणी तोंडावर आली होती. एका सकाळी एक म्हातारं जोडपं आवारात आलं. वेंडेलकाका आणि एतेल्का काकू.

वेंडेलकाकांचे वडील घोड्यांचे हेडी होते. जत्रेत घोडे घ्यायचे, जत्रेत विकायचे. म्हाताऱ्या घोड्याला तरणा कसा दाखवायचा आणि दुसऱ्याने दाखवला तर तो कसा ओळखायचा, हे शिक्षण काकांना पाळण्यातच मिळालं होतं. त्यांनी आवारात पाय टाकला आणि कोणाला रामराम करायच्या आधी माझ्या बॉनेटवर तळहात ठेवला.

“एतेल्का,” ते म्हणाले, “गरम आहे.”

“बरं आहे की. आपलं कोणीतरी गरम आहे या थंडीत.”

“तुला कळत नाही. आपण येणार हे कळल्यावर यानं आधीच चालू करून ठेवला. म्हणजे गार असताना हा चालू होत नाही.”

सिलार्ड हसत पुढे आला. हातात दारूची बाटली आणि तीन पेले. “या काका, या काकू! एकेक घोट पालिंका घ्या, घरच्या जर्दाळूंची आहे. मग निवांत बघू.”

काका दोन पावलं मागे सरले. सौदा ठरला की दोघांनी मिळून पेला रिकामा करायचा आणि एकदा केला की माघार नाही, ही त्या भागातली बाजाराची जुनी रीत. त्या पेल्याला आल्दोमाश म्हणतात.

“हा कुठला पेला?” काकांनी विचारलं.

“कुठला म्हणजे? पाहुण्याचा.”

“घशाखाली उतरला की म्हणशील, सौदा झाला.”

“काका, तुम्ही अजून किंमतसुद्धा विचारली नाही!”

“तेच तर. न विचारताच झाला म्हणशील.”

सिलार्डने खांदे उडवले आणि स्वतःचा पेला रिकामा केला. काकांनी बोट रोखलं. “तू प्यायलास. म्हणजे तुझ्याकडून झाला. माझ्याकडून नाही झाला. एतेल्का, लक्षात ठेव.”

मग माझी तपासणी सुरू झाली. काकांनी माझ्या समोरच्या जाळीत बोटं घालून दात बघावेत तसं बघितलं. टायर खुरासारखा दाबून पाहिला. सायलेन्सरचा वास घेतला. मग चोरपावलांनी माझ्या मागे गेले आणि अचानक जोरात टाळी वाजवली. मी दचकलो नाही.

“बहिरा आहे,” ते काकूंना म्हणाले.

“वेंडेल, ट्रॅक्टर आहे तो.”

“मीही तेच म्हणतोय. बहिरा ट्रॅक्टर आहे.”

“आणि हा नवा?” काकूंनी कोऱ्या पोराकडे बोट दाखवलं. “याला चौकट आहे, याची हमी आहे, हा रंगवलेला नाही.”

काकांनी बरोबर आणलेली काठी त्या पोरासमोर आडवी धरली. काठी त्यांच्या वेलींच्या दोन रांगांमधल्या अंतराएवढी कापलेली होती. नवा ट्रॅक्टर तिच्यापेक्षा चार बोटं जास्त भरला. मी मात्र तिच्या आत सहज बसत होतो.

“त्याला काय होतंय,” सिलार्ड म्हणाला. “एकाआड एक रांग काढून टाका. नाहीतरी हल्ली लोक तसंच करतात.”

“तुझ्या तोंडातला एकाआड एक दात काढू का?” काकू म्हणाल्या. “माझ्या बापानं लावलेल्या वेली आहेत त्या.”

“बरं बरं. चाकं उलटी बसवून देतो, आत सरकतात. मग जाईल.”

काका नव्यावर चढून बसले. पोरगा लगेच पी पी पी करायला लागला. काका खाली उतरले. “अजून घेतला नाही तोवर तक्रार. आणि शिवाय नवा आहे.”

“नवा असणं हा दोष झाला?”

“नवा म्हणजे याची खोड अजून कोणाला कळलेली नाही. हा जुना म्हणजे खोड कळली म्हणून कोणीतरी हाकलून दिलेला. दोन्हीकडून आपणच फसतो.”

काकूंनी लांब श्वास घेतला. काकांच्या कोटाचं वरचं बटण सुटलं होतं. त्या पुढे झाल्या आणि ते लावता लावता रागावून बोलू लागल्या. त्या का रागावल्या ते मला तेव्हा कळलं नाही. मग काकांची बोटं दिसली. टोकाला पांढरी फटक, मेणासारखी. हाताने धरून चालवायचा टिलर वर्षानुवर्षं थरथरत चालवला की बोटांतलं रक्त असं पळून जातं. काकांना स्वतःचं बटण लावता येत नव्हतं. राग नुसता लोकांना दाखवायला होता.

“हे बघ वेंडेल,” काकू म्हणाल्या, “टिलरला आता हात लावायचा नाही, डॉक्टरांनी दोनदा सांगितलंय. रविवारी बुडापेश्टचं जोडपं आपला मळा विकत घ्यायचा म्हणून बघायला येतंय. रविवारपर्यंत तू ट्रॅक्टर ठरवलास तर त्यांना मी जेवायला घालून परत पाठवते. नाही ठरवलास, तर मी हो म्हणते. त्यांना तिथं पोहायचा तलाव करायचाय. करू देत.”

“तलाव? टेकडीवर?”

“त्यांचा प्रश्न. तू तुझं बघ.”

मित्रांनो, मळा विकायचा काकूंनाही नव्हता. “हो म्हणते” असं म्हणताना त्यांनी टेकडीकडे बघितलं नाही, यावरूनच मी ते ओळखलं.

काका म्हणाले, “मी परत येईन. न सांगता येईन. हा गार असताना येईन.” आणि ते गेले.

तिथून पुढे जे सुरू झालं ते मी आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. काका कधी येतील याचा नेम नाही म्हणून सिलार्डने मला पहाटे चालू केलं ते ठेवलं चालूच. दुपारी काका कुंपणापाशी आले. बॉनेटला हात लावला. गरम. गेले. दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत आले. गरम. सिलार्ड अंगावर घोंगडी घेऊन माझ्याच शेजारी खुर्चीवर बसलेला, डोळे लाल.

“एवढ्या सकाळी काय करतोयस?” काकांनी विचारलं.

“मला पहाट आवडते,” सिलार्ड म्हणाला.

काका म्हणाले, “मलाही.” दोघे थोडा वेळ पहाट बघत बसले. मी मध्ये धडधडत होतो.

मी कुठेही न जाता त्या आठवड्यात जितकं डिझेल प्यायलो तितक्यात अख्खा मळा नांगरून झाला असता. आणि गंमत सांगतो, मी गार असताना अगदी नीट चालू व्हायचो. कुनिमित्सुंच्या गावात बर्फ पडायचा. हीटर लावून क्षणभर थांबलं आणि चावी फिरवली की झालं. पण सिलार्डने कधी करून पाहिलंच नव्हतं. नाही चालू झालो तर काय, या भीतीने तो मला गार होऊच देत नव्हता.

मध्येच एका दिवशी काका तळहात समोर धरून आले. माझ्या बाजूच्या पिवळ्या पट्टीवरची जपानी अक्षरं त्यांनी पेनाने तळहातावर उतरवून घेतली होती आणि ती वाचून घ्यायला ते गावातल्या चिनी दुकानात गेले होते. ते दुकान चालवणाऱ्या बाईंना सगळा गाव झुझी म्हणतो. तिथे काय झालं ते काकूंनी सिलार्डला सांगितलं, ते असं.

झुझी म्हणाल्या, “काका, हे जपानी आहे. मी चिनी.”

“असू दे. शेजारीच आहात ना तुम्ही.”

“तुम्हाला शेजारचं रुमानियन येतं?”

“ते वेगळं,” काका म्हणाले. “त्यांचं अवघड आहे.”

शेवटी झुझींना कीव आली. पहिली दोन अक्षरं त्यांच्याकडेही जवळजवळ तशीच होती. “धोका,” त्यांनी वाचलं. काकांनी आनंदाच्या भरात दोन बादल्या आणि सपातांचा जोड विकत घेतला आणि थेट आवारात आले.

“जपान्यांनी स्वतःच स्पष्ट लिहून ठेवलंय!” ते गरजले. “धोका!”

“अहो काका, मागे जो दांडा फिरतो त्यात हात घालू नका म्हणून ते लिहिलंय. सगळ्या ट्रॅक्टरवर असतं.”

“सगळ्यांवर? म्हणजे सगळेच?” काकांनी आवारभर नजर फिरवली. कोरा पोरगा उगीचच पी पी करून गप्प झाला.

शनिवार उजाडला. आदल्या दिवशी सिलार्डच्या मावशीचा नामदिन होता, म्हणजे पंचांगात तिच्या नावाचा असलेला दिवस. त्या देशात वाढदिवस चुकवला तर चालतं, पण नामदिनाला गेलं नाही तर मावशी मरेपर्यंत बोलत नाही. सिलार्ड गेला, आणि आठवडाभराची झोप त्याला मावशीच्या सोफ्यावर गाठून बसली. मी आवारात एकटा. डिझेल संपायला आलं म्हणून जाताना त्याने मला बंद केलं होतं. माझ्या अंगावर दव पडलं, दवाचं हिव झालं. कित्येक दिवसांनी मला शांत वाटलं.

सकाळी काका-काकू आले तेव्हा फाटक उघडंच होतं. काकांनी बॉनेटला हात लावला आणि त्यांचा चेहरा उजळला. मेल्यासारखा गार! कोणी गुपचूप येऊन मला चालू करू नये म्हणून त्यांनी तो हात तिथेच ठेवला. सिलार्ड मोटारीतून उतरेपर्यंत ते तसेच उभे होते.

सिलार्ड त्यांना बघून पांढरा पडला. “आज नको, काका.”

“आज का नको?”

“थंडी फार आहे.”

“म्हणूनच आज.” काकांनी हात उचलला आणि एकदम थबकले. त्यांच्या तळव्याखालचं हिव वितळलं होतं. “एतेल्का, माझ्या हातानं तर हा गरम झाला नसेल ना?”

काकूंनी कॅनमधलं डिझेल माझ्यात ओतायला लावलं, सरळ वर चढल्या, सीटवर बसल्या आणि सिलार्डला म्हणाल्या, “कुठली चावी?” त्याने दाखवली. आधी हीटर, मग चावी.

मी एकदा खोकलो. मग चालू झालो.

सिलार्डचं तोंड उघडं. खरं सांगायचं तर सगळ्यात जास्त आश्चर्य त्यालाच वाटलं होतं.

काका हळूच त्याच्याकडे वळले. “गार असताना नीट चालू होतो. मग आठवडाभर याला गरम का ठेवलास?”

“खरं सांगू काका?” सिलार्डने टोपी काढली. त्याचे केस पहिल्यांदाच दिसले, फारसे नव्हते. “गार असताना होतो की नाही, मलाच माहीत नव्हतं. बघायची हिंमत झाली नाही.”

“म्हणजे दुसरंच काहीतरी आहे,” काका म्हणाले आणि पुन्हा माझ्याभोवती फिरायला लागले. “चालू होतोय म्हणजे थांबत नसेल. थांबत असेल तर वळत नसेल.”

“पुरे!” काकूंनी मला बंद केलं. “वेंडेल, तुला या ट्रॅक्टरचा संशय नाहीच. नव्याचाही नाही. तुला टेकडीची भीती वाटते.”

काका थांबले.

काकू खाली उतरल्या आणि आता हळू आवाजात बोलू लागल्या. “गाश्पारनं तुला विचारलं होतं, हा ट्रॅक्टर घेऊ का. तू म्हणालास, घे, काही होत नाही. आणि तो टेकडीवरून खाली आला नाही. मला माहीत आहे, तुला तेच ऐकू येतं. पण त्याच्या चाकाखालचा कडा खचला होता, वेंडेल. तुझं बोलणं नव्हे. तू बोलला नसतास तरी कडा खचणारच होता.”

गाश्पार काकांचा धाकटा भाऊ. हे मला नंतर कळलं. तेव्हा इतकंच दिसलं की काकांचा हात कोटाच्या बटणाकडे गेला आणि त्यांना ते सापडलं नाही.

मग सिलार्ड म्हणाला, “काका, माझा सोयरा लोहार आहे. याच्या डोक्यावर नव्यासारखी चौकट ठोकून देईल तो. जाड पाइपची. तुम्ही समोर उभे राहून वेल्डिंग बघा. आणि...” तो जरा अडखळला. “याचा पुढचा अ‍ॅक्सल मी कधी उघडून पाहिलेला नाही. भाताच्या खाचरातले आहेत हे सगळे. त्यात पाणी शिरतं म्हणतात. शिरलं असेल. नसेलही. मला नाही माहीत.”

“उघड,” काका म्हणाले.

मित्रांनो, माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात लाजिरवाणा क्षण. सिलार्डने खालचा बोल्ट फिरवला आणि माझ्या पुढच्या पायातून काळं तेल नाही, तर दूध घातलेल्या कॉफीसारखं राखाडी पाणी भळाभळा वाहिलं. वर्षानुवर्षं पोटात लपवलेली गोष्ट त्या बर्फाळ मातीवर सगळ्यांसमोर पसरली. आता मला भंगारात घालणार, त्या पेरणीयंत्रामागून, असं मी मनाशी धरलं.

पण काकांचा चेहरा! बोट त्या पाण्यात बुडवून त्यांनी वर धरलं आणि त्यांचे डोळे लुकलुकायला लागले. वडिलांच्या घोड्यांच्या बाजारात ते असेच उभे राहत असतील.

“सापडली!” ते ओरडले. “एतेल्का, याची खोड सापडली!”

“मग नको का घ्यायचा?” काकूंनी विचारलं.

“नको? आता तर घ्यायचाच. याच्यात काय वाईट आहे ते आता मला माहीत आहे. या नव्याचं कोणाला माहीत आहे?” काका सिलार्डकडे वळले. “दोन सील बदल, दाते तपास, तेल नवीन भर. चौकट तुझ्या सोयऱ्याकडून. मी समोर उभा राहणार. आणि आता आण तो तुझा पेला.”

पेले भरले गेले. काकांनी रीतीप्रमाणे माझ्यावरही दोन थेंब शिंपडले. रंग तिथे लगेच निघाला.

दुसऱ्या दिवशी बुडापेश्टचं जोडपं आलं तेव्हा काकूंनी त्यांना सूप वाढलं, गरम पोगाचे, म्हणजे तिकडचे छोटे खारे पाव, खाऊ घातले, दोन बाटल्या वाइन हातात दिली आणि सांगितलं, “टेकडी मोठी आहे, दुसरीकडे बघा.” मी तिथे नव्हतो, माझा पुढचा पाय सुटा करून लोहाराच्या टेबलावर ठेवला होता. पण ते पाहुणे निघताना खूश होते असं म्हणतात. पोगाचे चांगले झाले असणार.

मार्चमध्ये मी पहिल्यांदा टेकडीवर चढलो. त्यासाठी काकांनी सकाळचा अर्धा वेळ माझ्या पोटाखाली गोणपाटावर पडून काढला. तेल पाहिलं. सील पाहिले. लोहाराच्या चौकटीचा एकेक बोल्ट पाना लावून ओढून बघितला. काकूंनी चौकटीबरोबर बसवलेला सीटचा पट्टा त्यांना बांधला, कारण त्यांच्या बोटांना तो जमत नव्हता, आणि दुसऱ्यांदा ओढून बघितला. मग आम्ही वेलींच्या रांगेत शिरलो आणि काकू लांबून मागोमाग चालत आल्या. दोन्ही बाजूंना चार-चार बोटं जागा होती. रोटाव्हेटर मातीत उतरला आणि काळी ढेकळं मागे उसळायला लागली. भाताच्या चिखलानंतर असली कोरडी माती मला फार आवडली. खोटं कशाला बोलू.

रांगेच्या वरच्या टोकाला, जिथून वळायचं, तिथे टेकडी एकदम संपते. खाली खोल पायवाट आहे. गाश्पार तिथेच पडला होता. काकांनी मला त्या टोकाच्या बऱ्याच अलीकडे थांबवलं, ब्रेक लावला, चाकांखाली दगड घातले आणि एकटेच चालत पुढे गेले. कड्याजवळ जाऊन त्यांनी बुटाच्या टाचेने मातीवर दाब दिला. एकदा. परत. तिसऱ्यांदा मात्र पूर्ण जोर लावला.

जमिनीचा एक मोठा तुकडा, त्यावरच्या गवतासकट, आवाज न करता सुटला आणि खाली पायवाटेवर जाऊन फुटला. पावसाने तो कडा आतून पोखरून ठेवला होता. वरून तो इतर जमिनीसारखाच हिरवागार दिसत होता.

काका तिथे थोडा वेळ उभे राहिले. त्यांनी टोपी काढली, परत घातली. मग ते माझ्याकडे आले आणि मला बऱ्याच वेली अलीकडूनच मागे घेतलं. “या टोकाला यंत्र नाही,” ते काकूंना म्हणाले. “इथं कुदळ. ती पण मी दोर बांधून चालवणार.”

“चालव,” काकू म्हणाल्या. “दोराचं दुसरं टोक मी धरते.”

तेव्हापासून काका रोज माझ्याखाली वाकतात. रोज रांगेचं टोक टाचेने दाबतात. रोज काकूंना सांगतात की आज ट्रॅक्टरचा आवाज जरा संशयास्पद आहे, आणि काकू रोज म्हणतात, “मग बघ ना.” ते बघतात. मी इतक्या वर्षांत इतका तंदुरुस्त कधीच नव्हतो. माझ्यावर फार विश्वास ठेवणारी माणसं मला पूर्वी भेटली, चांगली होती, मला अजून आठवतात. पण माझ्या पोटात पाणी साठलं ते त्यांच्याच काळात.

म्हणून मित्रांनो, तुमच्याकडे जे काही जुनं असेल त्याच्याकडे अधूनमधून वाकून बघत जा. सायकलची चेन बघा, मिक्सरची वायर बघा, विहिरीवरचा दोर बघा. घरात आजोबा असतील तर त्यांच्याखाली वाकायची गरज नाही, नुसतं विचारलं तरी चालतं. मात्र ते झटकन “मी ठणठणीत आहे” म्हणाले, तर संशय घ्या, आणि शेजारी बसून पुन्हा विचारा.